साडेअकराचा बाप्तिस्मा

परमेश्वर प्रत्येक माणसाला त्याच्या नावाने हाक मारतो. ती हाक ज्याच्या कानी पडली त्याचे जुने आयुष्य त्याच क्षणी गळून पडते आणि आकाशाची दारे उघडतात. गुंडोरावांना ही हाक शनिवारी दुपारी व्हॉट्सॲपवर आली. ते तेव्हा तांबरमच्या आपल्या फ्लॅटमध्ये ओट्यापाशी उभे राहून केळे सोलत होते. हाकेत त्यांचे नाव 'अंकल जी' असे होते. मजकूर असा, की उद्या रविवारी बाप्तिस्म्याचा तुमचा स्लॉट साडेअकराचा आहे, टॉवेल आणू नये, टॉवेल आम्ही देतो, आणि टीशर्टचा साइज ताबडतोब कळवावा. खाली एक पांढरे कबूतर पंख हलवत होते.

साइज. गुंडोरावांनी गेल्या महिन्याभरात सगळ्याचा विचार करून ठेवला होता. तंजावरात वाढलेल्या, गायत्री पाठ असलेल्या माणसाने चौऱ्याहत्तराव्या वर्षी पाण्यात बुडून ख्रिस्ती होणे म्हणजे काय, पितरांना काय वाटेल, त्यांना वाटण्याची सोय असते का, जानवे आधी काढायचे की पाण्यात आपोआप सुटेल, या सर्वांची उत्तरे त्यांनी काढली होती. अंगातल्या कपड्याच्या मापाचा विचार मात्र राहिला होता. पोट पाहिले तर एल, खांदे पाहिले तर एम. एवढा वेळ जी भीती नुसती कुठेतरी पाठीमागे उभी होती ती या प्रश्नाने एकदम पुढे येऊन बसली. माणूस आत्म्याबद्दल मोघम राहू शकतो. कंबरेबद्दल राहता येत नाही. त्यांनी 'एल' असे कळवले, आणि तिकडून हात जोडल्याचे, ज्वाळेचे आणि पाण्याच्या थेंबाचे चित्र आले. मग त्यांनी केळे कुस्करले, त्यात रक्तदाबाची अर्धी गोळी चमच्याच्या पाठीने चुरून मिसळली, आणि वाटी घेऊन आत गेले, जिथे त्यांच्या पत्नी तुळसाबाई गेले वर्षभर पडून होत्या.

पक्षाघाताने तुळसाबाईंचा उजवा हात अर्धा आणि उजवा पाय पुरता गेला होता. जीभ वाचली होती. डॉक्टर म्हणाले, व्यायाम करून घ्या, वेळ लागेल. व्यायाम करून घ्यायला एक मुलगी येत असे. तुळसाबाई तिच्याकडे पाहत नसत. त्या पलंगासमोर भिंतीला टांगलेल्या पडद्याकडे पाहत, जिथे पास्टर रीगन दिवसभर बोलत असे. रीगन चाळिशीचा होता, पांढऱ्या तळव्यांचे बूट घालत असे, आणि त्याच्या जन्माच्या वेळी अमेरिकेत जो अध्यक्ष होता त्याचे नाव त्याच्या वडिलांनी त्याला दिले होते. महिन्यापूर्वी तो घरी येऊन गेला. सोबत कॅमेरा धरणारा एक मुलगा होता. रीगनने तुळसाबाईंच्या पायावर हात ठेवून डोळे मिटले, बराच वेळ हलला, मग डोळे उघडून अतिशय गोड आवाजात म्हणाला, "आंटी, सुखम इज युवर्स. बट समथिंग इन धिस हाउस इज ब्लॉकिंग इट." तमिळमध्ये सुखम म्हणजे आजारातून बरे होणे. त्याचे वडील, जुने पास्टर, असते तर बोट दाखवून ओरडले असते. रीगनने कोणाकडेही पाहिले नाही. कॅमेऱ्यावाल्या मुलाने पाहिले नाही, घरची लेक कीर्तनाने पाहिले नाही, तुळसाबाईंनीही नाही. खोलीतले सगळे इतक्या काळजीने जिथे पाहत नव्हते तिथे आपण उभे आहोत, हे गुंडोरावांच्या तेव्हा लक्षात आले.

दुसऱ्या दिवशी कॉफीच्या वेळी तुळसाबाई आपल्या तंजावरी मराठीत म्हणाल्या, "एवढी वर्षे तुम्ही दुसऱ्यांस सांगितलात की नाही? बुडा म्हणून, वाचाल म्हणून?"

"सांगितलो."

"मग आपण कराला काय झाले?"

गुंडोरावांनी कॉफीचा पेला एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"माझा पाय तुमच्यात अडकला आहे," तुळसाबाई म्हणाल्या. त्या रागावलेल्या नव्हत्या. दाराच्या फटीत पदर अडकला आहे, जरा दार उघडा, अशा आवाजात म्हणाल्या. "मज चालायचे आहे हो."

"सेरी," गुंडोराव म्हणाले. 'बरे' म्हणण्यापेक्षा तमिळमधले हे 'सेरी' म्हणायला सोपे असते, त्यात कबुली कमी आणि आटोपते घेणे जास्त असते.

आता या शनिवारी त्यांनी केळ्याची वाटी पुढे केली आणि चमचा तिच्या ओठांपाशी नेला. तुळसाबाईंनी पडद्यावरची नजर न काढता तोंड उघडले. हे तोंड, गुंडोरावांना वाटले, आपण ज्या वर्षी पहिल्यांदा लक्ष देऊन पाहिले ते वर्ष लग्नाचे नव्हे. लग्न आधीच झाले होते. दोन बाळे पोटातच गेली होती. तुळसी भिंतीकडे तोंड करून निजत असे. शेजारची एक नर्स तिला तांबरमच्या रुळांपलीकडे ताडाच्या झापांच्या मांडवात घेऊन गेली. गुंडोराव तेव्हा शाळेत इंग्रजी शिकवत. बायको कुठे जाते ते पाहावे म्हणून तेही गेले आणि चपला सांभाळता येतील अशा बेताने दाराजवळ बसले. मांडवात पास्टर येसुपादम होते, रीगनचे वडील: काळे, बुटके, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, अंगावर सोन्याचा कण नाही, घरात खुर्ची नाही, रेडिओ नाही, हसणे आठवड्यातून एकदा. त्या दिवशी स्वीडनहून एक पाहुणा आला होता आणि त्याचे इंग्रजी तमिळमध्ये सांगणाऱ्या दुभाष्याला गालगुंड झाले होते. येसुपादमांनी मांडवावरून नजर फिरवली आणि दाराजवळच्या चष्म्यावर आणली. "सार, तुम्ही या." "मी तुमच्यातला नव्हे," गुंडोराव म्हणाले. "बलामाची गाढवीसुद्धा आमच्यातली नव्हती," येसुपादम म्हणाले, "देवाने तिला बोलायला लावलेच की." गाढवीला बाप्तिस्मा दिल्याचा उल्लेख बायबलात नाही, त्यामुळे गुंडोरावांना कोणी तसा आग्रह केला नाही, आणि पुढे तीस वर्षे ते जानवे शर्टाच्या आत सरकवून मांडवात, मैदानांत, समुद्रकिनाऱ्यावर लाखो लोकांना पश्चात्ताप करायला सांगत राहिले.

हे काम लोकांना वाटते तसे नसते. शब्द बदलून चालत नाही. पाहुणा हात उंचावतो, आपण तेवढाच उंचावायचा. पाहुणा गुडघ्यावर बसतो, आपण बसायचे. तो दबक्या आवाजात थांबतो, आपण त्याच्या थांबण्याइतके थांबायचे, नाहीतर त्याचे थांबणे वाया जाते. आणि तो 'मी' म्हणाला की आपणही 'मी'च म्हणायचे. गुंडोराव व्यासपीठावर मिनेसोटात दारू पिऊन पत्नीला मारणारा ट्रकवाला होते, ओस्लोतला नास्तिक प्राध्यापक होते, व्हिएतनामात पाय गमावून परत आलेला शिपाई होते, आणि हे सगळे दोन्ही पायांवर उभे राहून. त्यांची आई कितीतरी वेळा वारली, दर वेळी ते नव्याने रडले. खरी आई तंजावरात ठणठणीत होती, तिच्या कानावर ही गोष्ट गेली तेव्हा तिने एवढेच विचारले, "आणि तेरावे कोण घातला?" त्यांना स्वतःला काय वाटते हे कोणी विचारले नाही आणि त्यांनाही विचारावेसे वाटले नाही. दोन भाषांच्या मधल्या त्या बोटभर फटीत उभे राहायला त्यांना आवडे. समोर अंधारात हजारो माणसे, उजवीकडे गोरा घामाघूम माणूस, आणि मधे आपण, कशालाच जबाबदार नाही. मायक्रोफोन तोंडापाशी आला की पोटाच्या तळातून जो आवाज निघे तो शाळेत कधी निघाला नव्हता, घरात तर नाहीच. लोक छाती बडवून पुढे येत. गुंडोरावांना त्यांची दया येत असे. शिवाय, खरे सांगायचे तर, अभिमानही वाटे. स्वीडिश माणसाला काय येत होते? त्याच्या बोलण्यात नुसते मुद्दे होते. आग तमिळमध्ये लागत असे.

आणि तुळसीला इंग्रजी येत नव्हते. तिला जे काय कळले ते सगळे नवऱ्याच्या तोंडून. तांबरमजवळच्या कोवलमच्या समुद्रात तिचा बाप्तिस्मा झाला त्या पहाटे मच्छीमार नावांना टेकून विड्या ओढत गंमत पाहत होते. पांढरी साडी नेसून ती कमरेइतक्या पाण्यात उभी होती, कपाळ पुसून कोरे केलेले. आदल्या आठवड्यात येसुपादमांनी सांगितले होते की कुंकू, फुले, बांगड्या आणि ते सैतानाचे काळे मणी, काही चालणार नाही. तिने मंगळसूत्र काढून सोनाराकडे दिले, आणि मांडवाला पत्र्याचे छप्पर आले. स्वीडिश पाहुणा पाण्यात तिच्या डावीकडे, येसुपादम उजवीकडे आणि गुंडोराव समोर, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, तरी भिजलेली. पाहुण्याने इंग्रजीत विचारले, तू विश्वास ठेवतेस का? गुंडोरावांनी ते तिला तमिळमध्ये विचारले. ती पाहुण्याकडे पाहत नव्हती. विचारणाऱ्याकडे पाहत होती. त्यांच्या लग्नात तिला कोणी काही विचारले नव्हते. ती अशा नजरेने पाहत होती की जणू ते आता, इथे, खाऱ्या पाण्यात उभे राहून तिला विचारत आहेत. "ठेवते," ती म्हणाली, आणि नाक दाबून खाली गेली. त्यानंतर तिचे वडील वारले तेव्हा ती तंजावरला गेली, पण पिंडाच्या भाताला शिवली नाही, प्रसाद घेतला नाही. तिचा भाऊ व्यंकटेश दारात येऊन म्हणाला, "तूही गेलीस म्हणून दोघांचेही एकदमच करतो, जा." ती परत येताना सबंध प्रवासात गाणे गुणगुणत होती. गुंडोरावांना त्या गाण्याची भीती वाटली होती. आपण नुसते भाषांतर केले होते.

मग कीर्तना झाली, आणि दोन वर्षांची असताना तिला ताप आला. येसुपादमांच्या मंडळीत तेव्हा डॉक्टरकडे जाणे म्हणजे देवाला रजेचा अर्ज देण्यासारखे होते. त्याच रविवारी गुंडोरावांनी एका ऑस्ट्रेलियन माणसाच्या वतीने सांगितले होते की सुई टोचून घेणारा हात प्रार्थनेला जोडू नका. तुळसीने ते ऐकले, घरी आली, पोरीच्या उशाशी बसली, आणि ताप तव्यासारखा होईपर्यंत बसून राहिली. गुंडोराव औषधाच्या दुकानात जाऊन आले. तुळसी आंघोळीला गेली की ते पोरीला केळ्यात गोळी कुस्करून भरवत, पुन्हा रात्रीच्या दुधाच्या वेळी. चार दिवसांत पोर उठून बसली. येसुपादमांनी तुळसीला साक्ष द्यायला उभे केले. ती मराठी-तमिळ मिसळून रडत बोलली, आणि त्या दिवशी पाहुणे इंग्रज होते म्हणून गुंडोरावांनी ती साक्ष उलटी, तमिळमधून इंग्रजीत सांगितली: मी औषधाचा थेंबही दिला नाही, मी फक्त विश्वास ठेवला. 'मी' म्हणाले. नियमच होता. पाहुणे रडले. आता तुळसाबाई पलंगावर केळे गिळत होत्या, आणि गोळी कडू लागली की भुवई किंचित चढवत होत्या, पण विचारत नव्हत्या. आता गोळ्यांना परवानगी होती.

आता कशालाही परवानगी होती. येसुपादम वारले, मांडवाची जागा विकली गेली, आणि रीगनने पेरुंगुडीत एका बंद पडलेल्या सॉफ्टवेअर कंपनीचे चार मजले घेतले. मंडळीचे पूर्वीचे नाव 'जीवनदायी जलाची प्रार्थनासभा' असे होते. आता नुसते 'ब्रिम'. म्हणजे काठोकाठ. 'चर्च' हा शब्द त्यांनी काढून टाकला, कारण तो ऐकला की लोकांना चर्च आठवते. खाली कॉफीचे दुकान, वर लहान मुलांसाठी घसरगुंडी, तिसऱ्या मजल्यावर सभागृह, त्यात काळोख, धूर सोडणारे यंत्र, ड्रम. सिनेमाला जाणे पाप होते त्या मंडळीत आता आत शिरताना पॉपकॉर्नचा वास येत असे. रीगनची बायको हिऱ्याच्या कुड्या घालून व्यासपीठावर येई आणि देव आपल्या लेकरांना सजवतो असे सांगे. पलंगावरच्या तुळसाबाई कोऱ्या कपाळाने, रिकाम्या गळ्याने "आमेन" म्हणत. एकदा कीर्तनाने धीर करून विचारले होते, "अम्मा, मग तुझे का काढायला लावले?" तुळसाबाईंनी थोडा विचार केला. "त्या वेळी तसे होते." रीगन स्वतः हृदयात स्टेंट घालून आला आणि तीन रविवार त्यावर बोलला. कोणी म्हणाले नाही की पूर्वीचे चुकले. पूर्वीचे चुकले असते तर कोणाला तरी काही परत द्यावे लागले असते. नुसते पान उलटले होते, आणि जे मागच्या पानावर होते ते तिथेच राहिले.

दुभाषेही मागच्या पानावर राहिले. रीगन तमिळ आणि इंग्रजी एकाच वाक्यात कालवून बोले, आणि परदेशी पाहुणा आलाच तर पडद्यावर यंत्र अक्षरे उमटवी. शेवटच्या वेळी गुंडोराव इस्त्रीचा शर्ट घालून व्यासपीठामागे अर्धा तास उभे होते. त्यांना कोणी नको म्हटले नव्हते. त्यांचे असणेच कोणाच्या ध्यानात आले नव्हते. समोर पडद्यावर यंत्राने पवित्र आत्म्याचे पवित्र पिशाच्च केले, आणि तीन हजार माणसे आमेन म्हणाली. गुंडोराव मागच्या जिन्याने उतरून कॉफी न घेता घरी आले होते. त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा देवाबद्दल काहीतरी वाटले, आणि ते चांगले नव्हते.

रविवारी कीर्तना गाडी घेऊन आली. ती चाळीस वर्षांची, अविवाहित, बँकेत नोकरीला, आणि रविवारी ब्रिममध्ये कॅमेऱ्यांच्या फळीवर बसे. कोणत्या कॅमेऱ्यातले चित्र पडद्यावर आणि घराघरांत जायचे हे तिची बोटे ठरवत. निघताना तुळसाबाईंनी सांभाळणाऱ्या बाईकडून पाय पलंगाखाली सोडून घेतले, पाठीला उशा लावून घेतल्या, जवळ चपला ठेवून घेतल्या. नव्या चपला होत्या.

"साडेअकरा की नाही?" त्यांनी विचारले.

"साडेअकरा," गुंडोराव म्हणाले.

"मी इथे तयार असते."

गाडीत कीर्तना म्हणाली, "अप्पा, सिंपल आहे. तो विचारणार, तुम्ही येस म्हणाचे, नाक दाबाचे, मागे टेकाचे. ते धरतात. टू मिनिट्स, मॅक्स." पळ्ळीकरणैच्या दलदलीवरून कचऱ्याचा वास येत होता, तिने काच वर केली. "तुम्ही बिलीव्ह करताव का, ते मी विचारत नाही हां."

"कोणीच विचारत नाही," गुंडोराव म्हणाले.

"तो विचारणार ना आता."

व्यासपीठावर काचेची टाकी होती, माणूसभर लांब, छातीइतकी उंच, आतून निळा उजेड. पाणी कोमट होते. गुंडोरावांच्या पुढे दहा-बारा पोरे, सगळी आसपासच्या कंपन्यांतली, काळे टीशर्ट, छातीवर 'ब्रँड न्यू'. एल संपले होते म्हणून गुंडोरावांना ट्रिपल एक्सएल दिला होता. तो त्यांच्या गुडघ्यांपर्यंत आला होता आणि त्यात ते घरात ओवाळणीला बसवलेल्या बाळासारखे दिसत होते. कानात यंत्र घातलेली एक मुलगी प्रत्येकाच्या पाठीवर हात ठेवून "गो" म्हणत होती. भिंतीवर लाल आकडे उलटे मोजत होते, कारण पुढच्या सभेची माणसे खाली लिफ्टपाशी उभी होती. पोरे आत जात, येस म्हणत, बुडत, केस झटकत बाहेर येत, ड्रम वाजे. गुंडोराव मनात म्हणत होते: येस. येस. तमिळमध्ये, मराठीत, इंग्रजीत, कुठल्याही भाषेत एवढेसे अक्षर. त्यांना तुळसीच्या चपला दिसत होत्या. कोण जाणे, ती चाललीही असती. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना एखादी गोष्ट खरी व्हावीशी वाटत होती, आणि ती त्यांच्याच तोंडून.

"गो, अंकल जी."

पाणी कमरेपर्यंत आले. टीशर्ट फुगून वर आला. त्यांनी तो हाताने खाली दाबला. रीगन शेजारी उभा होता, पांढरा, सुगंधी. त्याने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, दुसरा हात सभेकडे उंचावला, आणि आपला मायक्रोफोन त्यांच्या तोंडापाशी आणत विचारले, "डू यू बिलीव्ह दॅट जीझस क्राइस्ट इज लॉर्ड?"

मायक्रोफोन. ती लोखंडी जाळी ओठांना टेकली, उजवीकडे घामाचा नाही पण माणसाचा वास, समोर काळोख, काळोखात हजारो. गुंडोरावांचा डावा हात आपोआप उंच गेला, अगदी रीगनच्या हाताइतका. ते सभेकडे वळले. आणि पोटाच्या तळातून, जिथून वर्षानुवर्षे काही आले नव्हते तिथून, तो आवाज आला: येसु ख्रिस्त हाच प्रभू आहे, असा तुम्ही विश्वास ठेवता काय? "विसुवासिक्किरीर्गळा?"

धूर सोडणारे यंत्र फुसफुसले. मग सर्वांत मागच्या रांगेतून, जिथे येसुपादमांच्या वेळची उरलीसुरली म्हातारी माणसे बसवत, एक चिरका आवाज आला, "विसुवासिक्किरोम!" ठेवतो! मग दुसरा. मग सगळी रांग उभी राहिली, मग मधल्या रांगा, मग ती टीशर्टवाली पोरे. रीगन चकित झाला. असा प्रतिसाद त्याला कधी मिळाला नव्हता, आणि मिळालेली गोष्ट सोडणे त्याच्या रक्तात नव्हते. त्याने पुढचे वाक्य टाकले, गुंडोरावांनी ते उचलले. तो गरजला, ते गरजले. तो कुजबुजला, ते त्याच्या कुजबुजीच्याही खाली गेले. माणसे रडत पुढे येऊ लागली. रीगन म्हणाला, मी हरवलेला होतो. गुंडोराव म्हणाले, मी हरवलेला होतो, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आले, ते कोणाचे हे नेहमीप्रमाणे त्यांना कळले नाही. अर्ध्या टाकीत उभा असलेला तो म्हातारा तेवढा वेळ सुखी होता. मग लाल आकडे शून्यावर आले. ड्रम सुरू झाले. रीगन टाकीतून उडी मारून गर्दीत गेला, आणि कानात यंत्र घातलेल्या मुलीने गुंडोरावांना कोपराला धरून दुसऱ्या बाजूच्या पायऱ्यांनी बाहेर काढले, टॉवेल दिला, "काँग्रॅट्स, अंकल जी" म्हणाली आणि त्यांच्यासोबत एक फोटो काढून घेतला. फोटोत त्यांचे केस छान भांग पाडलेले दिसत होते.

त्यांना बुडवायचे राहून गेले होते.

हे गाडीत बसेपर्यंत त्यांच्या ध्यानात आले नाही. कीर्तना गाडी चालवत होती. तोरैपाक्कमच्या सिग्नलला ती म्हणाली, "अप्पा, तुम्ही डिप झालात नाही."

गुंडोरावांनी डोक्यावर हात नेला. कोरडे.

"तुम्ही बोलालात ना, तेव्हाच मी पास्टरच्या क्लोजअपवर गेलो. मग ऑडियन्स. तुम्हाला घेतलो नाही. अम्माला दिसला नसेल."

"आवाज?"

"आवाज मी कसा बंद करू?" ती रागावून म्हणाली. मग म्हणाली, "परत स्लॉट मागू काय? पुढच्या मंथला आहे."

ती नव्या चपला समोर ठेवून बसली आहे, एक महिना कशी बसेल, असे गुंडोराव म्हणाले नाहीत. ते म्हणाले, "तू कधी विश्वास ठेवलीस काय गं?"

"मी कॅमेरा बघतो, अप्पा. बघणाऱ्यास टाइम नसतो."

घराखाली पार्किंगमध्ये तिने गाडी खांबाआड लावली, मागच्या सीटवरची पाण्याची बाटली घेतली, वॉचमन कुठे आहे ते पाहून घेतले, आणि त्यांच्या बाजूचे दार उघडून म्हणाली, "डोळे मिटा." गुंडोरावांनी डोळे मिटले. तिने अर्धी बाटली त्यांच्या डोक्यावर ओतली, केस विस्कटले, कानामागचे पाणी अंगठ्याने मानेवर आणले, थोडे मागे होऊन कॅमेऱ्यातून पाहावे तसे पाहिले, आणि उरलेली अर्धीही ओतली. "हं. आता सेरी." पाणी फार गार होते. गुंडोराव थरथरले, आणि ते थरथरणे वर जाईपर्यंत टिकले.

तुळसाबाई तशाच बसल्या होत्या, पाय खाली सोडून. चपलांपैकी डावी पायात होती. समोर पडद्यावर दुपारची सभा सुरू व्हायच्या बेतात होती, धुरात निळे दिवे फिरत होते. गुंडोराव दारातून आत आले आणि पलंगासमोर उभे राहिले. टीशर्टमधून फरशीवर पाणी ठिबकत होते.

"आज काय बोलला तो पोर," तुळसाबाई म्हणाल्या. डोळे लाल होते. "बापासारखा. एवढ्या वर्षांनी."

"हो."

"मधेमधे कोणी म्हातारा ओरडत होता. त्यामुळे नीट ऐकाला आला नाही."

कीर्तना गुंडोरावांच्या मागे दाराला टेकून उभी होती.

"तुम्हास दाखवले नाहीत," तुळसाबाई म्हणाल्या. "पुरते गेलात की? डोके सकट?"

गुंडोरावांच्या हनुवटीवरून एक थेंब ओघळला. ती तो थेंब खाली पडेपर्यंत पाहत राहिली.

"गेलो," ते म्हणाले.

"मनापासून?"

आता त्यांना कोणाचे भाषांतर करायचे नव्हते. उजवीकडे कोणी नव्हते. "मनापासून," ते म्हणाले, आणि तो आवाज घरातलाच होता, बारीक, खाकरलेला, कोणीही विश्वास ठेवू नये असा.

तुळसाबाईंनी मान हलवली आणि आपल्या उजव्या पायाकडे पाहिले. गुंडोरावांनीही पाहिले. कीर्तनाने पुढे वाकून पाहिले. पाय फरशीपासून थोडा वर लोंबत होता, सुजलेला, बोटे किंचित आत वळलेली. पंखा फिरत होता. पडद्यावर ड्रम वाजू लागले. एकदा गुंडोरावांना वाटले की अंगठा हलला. पण ती पंख्याच्या पात्याची सावली होती. कोणीच कोणाकडे पाहिले नाही. तुळसाबाईंच्या चेहऱ्यावर राग आला नाही, दुःखही आले नाही. फक्त इतक्या दिवसांचा तो ताण सैल पडला आणि त्या जागी काहीच आले नाही. पडद्यावर लोकांनी टाळ्या सुरू केल्या, पांढरे तळवे चमकत रीगन व्यासपीठावर आला, आणि तुळसाबाईंनी मान प्रथम एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला वाकवून पाहिली.

"अहो," त्या म्हणाल्या, "थोडे सरता काय? दिसत नाही."